चाळीस बीट्सचा फोल्डर म्हणजे अल्बम नव्हे

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू सांगलीत राहून मराठीत रॅप करतोस. पुण्यातल्या एका बीट (रॅपखालचं संगीत) बनवणाऱ्या मित्राने ड्राइव्हवर चाळीस बीट्सचा फोल्डर टाकला. त्यातले आवडतील ते निवडून तुम्ही दोघांच्या नावाने आठ गाण्यांचा अल्बम करायला घेतलात. चार गाणी झाली, पण सलग ऐकली की ती 'चार वेगळ्या पोरांची' वाटतात. त्यात एका गाण्यातला तुझा सोळा बारचा वर्स (बार म्हणजे चार ठोक्यांचं एक आवर्तन, वर्स म्हणजे कडवं) त्याने न विचारता आठ बारवर आणला, म्हणून सध्या तुमच्यात अबोला आहे. तुला विचारायचंय ते हे: बीट आधी असावा की शब्द, शेवटचा निर्णय कुणाचा, आणि पैसे कसे वाटायचे.

वयाने तू बराच लहान दिसतोस, म्हणून अरे-तुरे करतो. मी डोंबिवलीत बीट्स बनवतो आणि त्याहून जास्त वेळ दुसऱ्यांची रॅपची गाणी मिक्स करतो. त्यामुळे अशा जोड्या जुळताना पाहिल्यात आणि फाटतानाही.

माझ्या मते तुझी अडचण बीट आधी की शब्द आधी ही नाहीच. तुम्ही जोडीचा अल्बम करायला अजून सुरुवातच केलेली नाही. त्याने दुकान मांडलं, तू चार नग पसंत केलेस आणि घरी आणून त्यावर बोललास. गाणी वेगवेगळ्या पोरांची वाटतात कारण ते बीट्स त्याने वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या मूडमध्ये, तू डोळ्यांसमोर नसताना बनवलेत. ज्या गोष्टीचा तुला राग आला, ते वर्स कापणं, तीच खरं तर या सगळ्यात त्याने प्रोड्यूसर म्हणून, म्हणजे गाणं घडवणारा म्हणून, केलेली पहिली गोष्ट आहे. न विचारता केली हे चुकलंच. पण कापायचा त्याला हक्कच नाही असं तुझं म्हणणं असेल, तर अल्बम तुझ्या एकट्याच्या नावाने काढ, त्याला बीट्सचे पैसे दे आणि दोघं मित्र राहा. त्यात काही कमीपणा नाही. १९९४ चा अमेरिकन रॅपर नासचा 'इलमॅटिक' घे: डीजे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप असे एकाहून एक लोक बीट्सवर बसलेत, तरी अल्बम नासचाच आहे.

दोघांच्या नावाचा अल्बम करायचा तर दोघांनाही एकमेकांच्या कामात हात घालायची मुभा पाहिजे. तू त्याला 'हा पियानो काढ' म्हणू शकला पाहिजेस, आणि तो तुला 'ह्या चार ओळी नकोत' म्हणू शकला पाहिजे. हे एकदा मान्य झालं की बाकीचे प्रश्न बरेच सोपे होतात.

यात परिस्थितीचा भाग मोठा आहे हेही सांगून टाकतो. तुझा मित्र नोकरी करून रात्री तासभर बसत असेल तर त्याच्याकडून आठ गाण्यांची नव्याने बांधणी दोन महिन्यांत होणार नाही. त्याला मुळात बीट्स विकण्यातच रस असेल, तर जोडी वगैरे तुझ्या मनातली गोष्ट आहे, त्याच्या नाही. आणि तुमचं संगीत कुठल्या वळणाचं आहे यावरही ठरतं. ट्रॅप किंवा ड्रिल या रॅपच्या प्रकारांत बीटचा साचा पक्का असतो, आवाज त्यात बसवावा लागतो. नव्वदच्या आसपासच्या बीपीएमचा (म्हणजे मिनिटाला तेवढे ठोके), सॅम्पलवर, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधून कापून घेतलेल्या तुकड्यावर चालणारा प्रकार असेल तर दोन्ही बाजूंनी सरकायला खूप जागा असते. पुढे लिहितोय ते मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराला धरून आहे.

या बाबतीत मी ज्या अल्बमकडे परत परत जातो तो म्हणजे 'मॅडव्हिलनी'. रॅपर एमएफ डूम, प्रोड्यूसर मॅडलिब, लेबल (रेकॉर्ड कंपनी) स्टोन्स थ्रो, मार्च २००४. डूम लंडनमध्ये जन्मलेला, न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर वाढलेला. मॅडलिब पार दुसऱ्या टोकाचा, कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डचा. तुमचं सांगली-पुणे त्यापुढे काहीच नाही. लेबलच्या लोकांचं लॉस एंजेलिसमध्ये एक घर होतं, त्याला जुना बॉम्ब शेल्टर होता. मॅडलिब त्या शेल्टरमध्ये बीट्स बनवायचा आणि डूम वर बसून लिहायचा. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत म्हणे. हे मुद्दाम सांगतोय, कारण जोडी म्हणजे रोज दोन तास फोनवर चर्चा असा आपल्याकडे समज आहे. बोलणं कमी असलं तरी चालतं. फक्त एकाने केलेल्या कामाचं उत्तर दुसऱ्याच्या कामातून यायला हवं.

त्यातले बरेचसे बीट्स मॅडलिबने २००२ मध्ये ब्राझीलला गेलेला असताना साओ पावलोतल्या हॉटेलच्या खोलीत केले. सामान काय, तर उचलून नेता येईल असा टर्नटेबल, एक कॅसेट डेक आणि बॉस कंपनीचा एसपी-३०३ हा हातावर मावणारा सॅम्पलर. बस. नंतर घोळ झाला. अर्धवट अवस्थेतला डेमो फुटला आणि अल्बम यायच्या साधारण चौदा महिने आधीच इंटरनेटवर फिरू लागला. दोघंही वैतागले आणि आपापल्या दुसऱ्या कामांना लागले. मॅडलिबने 'जे डिला' या प्रोड्यूसरबरोबर एक अल्बम केला, डूमने व्हिक्टर वॉन हे नाव घेऊन वेगळा काढला. मग केव्हातरी परत या कामाकडे वळले.

आणि परत आल्यावर डूमने जे केलं ते मला या अल्बममधलं सगळ्यात मोठं काम वाटतं. त्याने आवाज बदलला. डेमोत तो चढ्या सुरात, जोशात बोलतो. अल्बममध्ये तोच माणूस घसा न ताणता, खालच्या पट्टीत, आरामात बोलतो. काही ओळीही बदलल्या, पण ऐकताना फरक पडतो तो आवाजाने. मॅडलिबच्या बीट्समध्ये जुन्या तबकड्यांची खरखर असते, बास फुगलेला असतो, सूर मधेच तुटलेले असतात. त्यावर जोरात बोललं की दोघं एकाच जागेसाठी भांडतात. आवाज खाली आणल्यावर तो बीटच्या आत जाऊन बसला. म्हणजे इथे रॅपरने स्वतःचं रेकॉर्ड झालेलं, लोकांनी चोरून ऐकलेलं आणि आवडलेलं काम बाजूला ठेवून बीटला जुळेल असं पुन्हा केलं. डेमो आणि अल्बम दोन्ही ऐकायला मिळतात. हेडफोन लावून एकच गाणं दोन्हीकडचं पाठोपाठ ऐक. माझ्या या उत्तरापेक्षा तुला त्यातून जास्त कळेल.

लांबीचंही बघ. बावीस तुकडे, शेहेचाळीस मिनिटं. बऱ्याच गाण्यांना हुकच (परत परत येणारं ध्रुवपद) नाही. सांगायचं संपलं की गाणं संपतं, कधी दीड मिनिटात, कधी दोन. सोळा बार, हुक, सोळा बार, हुक हा हिशोब तिथे कुणी धरलेलाच नाही.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर दिल्लीच्या सीधे मौत या रॅपर जोडीने सेझ ऑन द बीट या प्रोड्यूसरबरोबर केलेले 'बयान' (२०१८) आणि 'नायाब' (२०२२) हे दोन अल्बम पाठोपाठ ऐक. तेच तीन लोक, मधे चार वर्षं. दुसऱ्यात संगीताला श्वास घ्यायला कितीतरी जास्त जागा आहे, आणि रॅपही त्या हिशोबाने थांबतो. ही जागा रॅपरने सोडली की प्रोड्यूसरने मागून घेतली, हे बाहेरून ओळखता येत नाही. मला जोडीचा अल्बम तेवढ्यासाठीच आवडतो.

आता माझ्याकडे काम कसं चालतं ते. सुरुवातीला मी रॅपरला पूर्ण बीट देत नाही. चार किंवा आठ बारचा लूप, म्हणजे फिरत राहणारा तुकडा, देतो: ड्रम, बास, एखादा सूर. इंट्रो नाही, हुकच्या आधी चढत जाणारं काही नाही. पूर्ण सजवलेला बीट हातात आला की गाण्याचा साचा तिथेच ठरून जातो आणि रॅपर रकाने भरत बसतो. (तुझ्या चारही गाण्यांची लांबी जवळपास सारखी असणार, पैज लावायला तयार आहे.) लूपवर लिहून, मोबाइलवरच कच्चं बोलून त्याने पाठवायचं. माझं काम त्यानंतर सुरू होतं. आवाज मधोमध ठेवायचा आणि त्याच्याभोवती लूप सोडवत जायचा.

एक तुकडा जवळून दाखवतो. ९० बीपीएम, रोड्स या इलेक्ट्रिक पियानोचे दोन कॉर्ड, रॅपर सोलापूरकडचा. त्याने पाठवलेल्या ओळी साधारण अशा होत्या:

रात्री उशिरा स्टँडवर बसलो,
जुने दिवस आठवून हसलो,
पैसे नव्हते तरी नाही रुसलो.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे बसलो-हसलो-रुसलो हे यमक फुकटात मिळतं, आणि फुकट मिळालेलं ऐकणाऱ्याला लगेच कळतं. दुसऱ्या ओळीतच त्याला तिसरी कुठे संपणार याचा अंदाज आलेला असतो. वर प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर चौथ्या ठोक्याच्या स्नेअरवर (ड्रमच्या कडक आवाजावर) जाऊन आपटत होतं. मी त्याला शब्द बदल असं म्हटलं नाही. दुसऱ्या बारमध्ये पहिले दोन ठोके बास बंद केला, तिसऱ्यावर परत आणला आणि चौथ्या ठोक्याचा स्नेअर काढून टाकला. एवढंच करून लूप परत पाठवला, सोबत एक ओळ: 'दुसऱ्या बारला बघ काय होतंय.' त्याचं उत्तर आलं ते असं:

शेवटची एसटी गेली, स्टँडवर मी,
खिशात वीसची नोट, भूक मात्र कमी.

क्रियापद शेवटून उठून मधे गेलं. तीन ओळींच्या दोन झाल्या. 'खिशात वीसची नोट' हे बासशिवाय, कोरडं येतं आणि 'भूक' हा शब्द नेमका बास परत येतो त्या ठोक्यावर पडतो. 'कमी'च्या खाली स्नेअर नाही, त्यामुळे ते आपटत नाही, नुसतं येऊन थांबतं. मग त्या 'भूक'साठी मी बासचा तो एक सूर थोडा लांबवला. या दोन ओळींत बीट आधी आला की शब्द, हे आता आम्हा दोघांनाही नीट सांगता येणार नाही.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: सुरुवात कशानेही कर, पण पहिली फेरी म्हणजे शेवटची नव्हे. लूप, मग शब्द, मग शब्दांप्रमाणे बदललेला लूप, मग त्याप्रमाणे बदललेले शब्द. दोन-तीन फेऱ्या झाल्याशिवाय गाणं झालं असं म्हणू नका. तुमची चारही गाणी पहिल्या फेरीवर थांबलीत.

यासाठी एक गोष्ट लागते ती म्हणजे स्टेम्स. बीटची एकच तयार फाइल असेल तर त्यातला बास कुणालाच बंद करता येत नाही. मित्राला सांग, प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल दे: किक, स्नेअर, हाय-हॅट, बास, सूर, सगळं सुटं, सगळ्या फाइल्स शून्यापासून सुरू होणाऱ्या, २४ बिट वेव्ह, नावात बीपीएम लिहिलेला. तूही तुझा आवाज तसाच द्यायचा: कोरडा, रिव्हर्ब (घुमारा) किंवा ऑटोट्यून न लावता, पीकिंग होणार नाही, म्हणजे आवाज फुटणार नाही, इतक्या लेव्हलला. व्हॉट्सअॅपवर ऑडिओ म्हणून पाठवायचा नाही, त्यात फाइल दाबली जाऊन दर्जा घसरू शकतो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर ड्राइव्ह आहेच. आठही गाणी एकाच माइकवर, एकाच खोलीत, एकाच कोपऱ्यात रेकॉर्ड कर. पंखा बंद. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट समोर असेल तर उत्तम, त्यापुढे हजारो रुपयांचा फोम मला तरी फारसा वेगळा वाटलेला नाही. आवाज रेकॉर्ड करायची खोली गाण्यागणिक बदलली की अल्बम तिथेच निम्मा फुटतो, मग बीट्स कितीही जुळू देत.

एकजिनसीपणाचं बाकीचं काम बंधनांनी होतं. मॅडलिबचं वर लिहिलं तसं: छोटं यंत्र, त्यात मेमरी कमी, इफेक्ट ठरावीक. त्या बंधनामुळे सगळ्या बीट्सना एकच कातडी आली. पुढे त्याने रॅपर फ्रेडी गिब्सबरोबर 'बंडाना' (२०१९) केला, त्याचे सगळे बीट्स आयपॅडवर बनवल्याचं त्याने स्वतः सांगितलंय. तुमच्याकडे लॅपटॉपवर लाख आवाज आहेत आणि अडचण तिथेच आहे. आठ गाण्यांसाठी एक ड्रम किट ठरवा, एकच रिव्हर्ब, फार तर दोन सुरांची वाद्यं. चाळीसचा फोल्डर बंद करा. त्यातले तीन-चार लूप खरोखर तुमच्या अल्बमचे असतील तेवढे ठेवा आणि बाकीची गाणी तुझे शब्द समोर ठेवून नव्याने बनवू द्या.

जाता जाता: मराठी रॅप आहे म्हणून प्रत्येक बीटवर हलगी टाकायची साथ सध्या आलीये. हलगी मला जीव की प्राण आहे. पण तिचा आवाज आणि रॅपरच्या आवाजातली व्यंजनं साधारण एकाच पट्ट्यात, दोन-चार किलोहर्ट्झच्या आसपास, भांडतात. 'ट', 'क', 'च' हे सगळे तिच्याखाली गाडले जातात. वापरायची तर वर्स थांबतो तिथे वापरा आणि वाजवणाऱ्याकडून वाजवून घ्या. इंटरनेटवर फिरणारा तोच तो लूप आता झोपेतही ओळखू येतो.

शेवटचा निर्णय कुणाचा? मी ज्या जोड्या टिकलेल्या पाहिल्या त्यांच्यात ढोबळमानाने अशी वाटणी असते. काय म्हणायचं, कुणाबद्दल म्हणायचं, कुठली शिवी ठेवायची, हे रॅपरचं. किती लांब, कुठे थांबायचं, कुठे गप्प बसायचं, हे प्रोड्यूसरचं. गाणं अल्बममध्ये राहणार की नाही, हे दोघांचं, आणि एकाने जरी नाही म्हटलं तरी ते बाहेर. बाहेर गेलेलं गाणं मरत नाही, तू ते तुझ्या नावाने सिंगल म्हणून काढू शकतोस. पण नकाराला कारण द्यायची सक्ती करू नका. कारण मागितलं की वाद सुरू होतो, आणि वाद जिंकणारा माणूस नेहमी रॅपर असतो, बोलणं हा त्याचा धंदाच आहे. अजून एक: कापाकापी करायची तर आधीची फाइल तशीच जपून नवीन नावाने करायची, आणि दुसऱ्याने ती किमान दोन दिवस ऐकल्याशिवाय मत द्यायचं नाही. आपण आपल्याच कच्च्या रेकॉर्डिंगच्या इतके सवयीचे होतो की पहिल्यांदा ऐकताना कुठलाही बदल खटकतोच.

नावाबद्दल आणि पैशाबद्दल आता जरा सविस्तर, कारण इथे लोक 'आपण भाऊ-भाऊ' म्हणून पुढे जातात. एरिक बी आणि रकीम या अमेरिकन जोडीचा 'पेड इन फुल' हा अल्बम १९८७ चा. त्यातल्या सुरुवातीच्या गाण्यांचं संगीत नक्की कुणी केलं यावर एरिक बी आणि प्रोड्यूसर मार्ली मार्ल वर्षानुवर्षं वेगवेगळं सांगत आलेत. लिहून ठेवलेलं नसलं की असं होतं. मॅडव्हिलनीचा पहिला करार तर कागदी प्लेटवर लिहिला होता असं लेबलच्या माणसाने सांगितलंय. प्लेट तर प्लेट, पण लिहा.

आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुमच्या एका गाण्यात तीन वेगळे हक्क आहेत. शब्द हे साहित्य, ते तुझं. संगीत त्याचं. आणि तिसरं, रेकॉर्ड झालेली ध्वनिफीत, ज्याला आपण मास्टर म्हणतो. १९५७ च्या कायद्यात या तिसऱ्याचा मालक मुळात निर्माता धरलाय, आणि निर्माता म्हणजे ते मुद्रण घडवून आणण्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. बीट बनवणारा आपोआप त्यात बसत नाही, आणि तूही बसत नाहीस. उद्या कुणी दादा स्टुडिओचा खर्च करून सगळं जमवून आणायला पुढे आला, तर मास्टर आपला आहे असं तो म्हणू शकतो. म्हणून मास्टर दोघांचा, निम्मा-निम्मा, हे कागदावर येऊ दे. मी सगळ्या गाण्यांना एकच वाटणी ठेवायला सांगतो. 'या गाण्यात माझं जास्त' हा हिशोब सुरू झाला की अल्बम तिथेच संपतो. मिक्सिंग, कव्हर, व्हिडिओ हा खर्च आधी वजा करायचा, उरलेल्याचे दोन भाग. कार्यक्रमाचे पैसे वेगळे ठरवा. तो मागे डीजे म्हणून उभा राहणार असेल तर निम्मे, घरी बसणार असेल तर कमी. पुढे एखाद्या लेबलला हक्क लिहून द्यायची वेळ आली तर मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहून घ्या. लिहिलं नाही तर कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत असं धरतो. दोघांनीही आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासदत्व घ्या, तू गीतकार म्हणून, तो संगीतकार म्हणून. स्ट्रीमिंगमधला तो वाटा डिस्ट्रिब्यूटरकडून (गाणी स्ट्रीमिंगवर चढवणाऱ्या कंपनीकडून) येत नाही, तो वेगळा येतो.

अपेक्षा मात्र आवरून ठेव. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याचे बारा महिन्यांत हजार स्ट्रीम्स होत नाहीत, त्याच्या रेकॉर्डिंगला काहीच मिळत नाही. पहिल्या अल्बममध्ये आठपैकी काही गाणी त्या रेषेखाली राहणं अगदी शक्य आहे. भांडण झालंच तर ते आधी नावावरून होईल, पैशावरून बऱ्याच नंतर.

सॅम्पलबद्दल मित्राला आजच विचार. जुन्या चित्रपटगीताचा तुकडा घेतलाय का? 'सात सेकंदांपर्यंत चालतं' असा कुठलाही नियम आपल्या कायद्यात नाही. एचएमव्हीच्या जुन्या तबकड्यांचा साठा आज सारेगामाकडे आहे, आणि यूट्यूबची यंत्रणा असा तुकडा वेग बदलला तरी बऱ्याचदा पकडते. ध्वनिमुद्रण साठ वर्षांनी मोकळं होतं हे खरं, पण त्यातल्या गीत-संगीताचा हक्क गीतकार-संगीतकार वारल्यानंतर साठ वर्षं चालतो, त्यामुळे 'जुनं आहे, चालेल' हा हिशोब सहसा चुकतो. अमेरिकेत डी ला सोल या गटाचा १९८९ चा पहिला अल्बम सॅम्पलच्या परवानग्यांच्या घोळामुळे स्ट्रीमिंगवर यायला २०२३ उजाडलं. तयार लूप्सच्या लायब्ररीतून घेतलं असेल तर कायद्याने ठीक, पण तोच लूप दुसऱ्या कुणीतरी वापरून आधीच नोंदवलेला असू शकतो, आणि दावा तुमच्यावर येतो. आणि मुख्य म्हणजे त्या चाळीसपैकी एखादा बीट त्याने ऑनलाइन दुसऱ्या कुणाला भाड्याने दिलाय का, हे विचार. दिला असेल तर तो अल्बममधून काढा, कितीही आवडता असो.

अपलोड करताना कलाकाराच्या मुख्य रकान्यात दोघांची नावं भरा. त्याचं नाव फक्त प्रोड्यूसरच्या श्रेयात गेलं तर अल्बम त्याच्या प्रोफाइलवर दिसणारच नाही. नावांचं स्पेलिंग आठही गाण्यांना अक्षरशः एकच ठेवा, नाहीतर दोन वेगळी प्रोफाइल्स तयार होतात. गाण्यात नंतर बदल करून नवी फाइल टाकली तर तिला नवा आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) लागतो, म्हणून बदल काय करायचे ते आधीच करून घ्या. रिलीजच्या तारखेआधी निदान तीन-चार आठवडे हातात ठेवा. डिस्ट्रिब्यूटरकडून नावातली एक चूक दुरुस्त व्हायलासुद्धा कधी कधी आठवडा जातो.